ज्वारीचा स्फटिक

कॉलेजातली पोरं मला तुरटी म्हणायची. तोंडावर 'चवरे सर', आणि पाठ वळली की तुरटी. त्यांचं काही चुकत नव्हतं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून मी दहा वर्षं काढली आणि त्यात माझ्या हातून चारचौघांना दाखवण्यासारखं एकच काम झालं, ते म्हणजे तुरटीचे खडे. एक बारीक खडा दोऱ्याला बांधायचा, तुरटीच्या दाट पाण्यात लोंबता सोडायचा आणि महिनोन्महिने त्या बरणीला कुणाचा धक्का लागू द्यायचा नाही. त्या बरणीपायी मी शिपायाशी भांडलोय, प्राचार्यांवर डोळे वटारलेत. त्यातून मोसंबीएवढा एक खडा तयार झाला. प्राचार्यांनी तो आपल्या खोलीबाहेरच्या काचेच्या कपाटात ठेवला, आणि मी काही काम नसताना त्या कपाटावरून ये-जा करायला लागलो.

माझा स्वभाव तापट. तापायला मला कारण लागत नाही, पण एक कायमचं कारण होतं. मला वाटायचं, मी सोलापुरात अडकलो. मोहोळजवळच्या खेड्यातनं आलो, एम.एस्सी. झालो, आणि मग नोकरी, लग्न, सात रस्त्याजवळ पत्र्याच्या दोन खोल्या. "मला कुणी संधी दिली असती तर," हे वाक्य मी घरात इतक्यांदा म्हटलं होतं की ते सुरू झालं की माझी बायको चांगुणा भाकरी जरा जोरात थापायची.

संधी आली ती लग्नाच्या मांडवातनं. डॉक्टर शिवयोगी हिरेमठ हे मूळचे अक्कलकोटकडचे, पण बंगलोरच्या एका संस्थेत प्रथिनांची रचना शोधण्याचं काम करायचे. शहात्तर सालच्या थंडीत ते भाचीच्या लग्नाला सोलापुरात आले, आणि आमच्या प्राचार्यांनी त्यांना जेवणाच्या पंगतीतनं उचलून व्याख्यानाला आणलं. हिरेमठांचं मराठी कानडी हेलाचं, पण स्वच्छ. ते म्हणाले, डाळीत, अंड्यात, रक्तात प्रथिन असतं हे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्याचा रेणू कुठं कसा वळलाय हे कुठल्याही भिंगातून दिसत नाही. त्यावर क्ष-किरण सोडावे लागतात, आणि एकट्या रेणूवर सोडून काही उमटत नाही. शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी राहतात तसे असंख्य रेणू एकसारखे ओळीत उभे राहिले, म्हणजे त्यांचा स्फटिक झाला, तरच फिल्मवर ठिपके पडतात, आणि त्या ठिपक्यांवरून गणित करून रचना काढायची. "आमचं निम्मं आयुष्य ओळी लागायची वाट बघण्यात जातं," असं म्हणून ते हसले. पोरं हसली नाहीत, त्यांना घरी जायचं होतं.

व्याख्यान झाल्यावर ते काचेच्या कपाटापाशी थांबले. "हे कोणी केलं?" प्राचार्यांनी मला पुढं केलं. हिरेमठांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "वय काय?" मी सांगितलं, येत्या जूनअखेर पस्तीस पूर्ण. "मग यंदाच. पस्तिशीनंतर आमच्या नियमात बसत नाही. जूनमध्ये माझ्याकडं संशोधनाची एक जागा भरायची आहे. एखादं प्रथिन निवडा, त्याचा स्फटिक करून माझ्यासमोर ठेवा. दुसरा एक उमेदवार आहे. ज्याचा चांगला, त्याची जागा."

आणि मग त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. पहिली निवडीची. "मुलीला स्थळ बघता तसं प्रथिन बघा. भरपूर मिळणारं हवं, स्वच्छ हवं, पाण्यात किंवा मिठाच्या पाण्यात सुखानं विरघळणारं हवं, आणि तुमच्या उन्हाळ्यात नासणारं नको. तुमचं प्रेम कशावर आहे ते बघू नका. ओळीत बसायला कोण तयार आहे ते बघा." दुसरी तपासायची. "स्फटिक दिसला की सुई लावा. प्रथिनाचा असेल तर मऊ, आवाज न करता चुरगळतो. कुरकुरला तर समजा, आत घातलेलं मीठच बाहेर आलंय."

मी सगळं लक्ष देऊन ऐकलं, मान डोलावली आणि बरोबर त्याच्या उलटं केलं.

मी ज्वारी निवडली. का, तर माझ्या वडिलांनी जन्मभर ज्वारीच केली, आमच्या भागात ज्वारीइतकं मानाचं दुसरं काही नाही, आणि बंगलोरच्या संस्थेत सोलापूरच्या ज्वारीचा फोटो लागलाय हे चित्र मला एवढं आवडलं की बाकीचं कॉलेजात शिकवतो तेवढंसुद्धा आठवलं नाही. ज्वारीचं मुख्य प्रथिन पाण्याला दाद देत नाही, मिठाच्या पाण्यालाही देत नाही. त्याला ऊन स्पिरिट लागतं, आणि स्पिरिटातनं बाहेर काढलं की ते बोटाला चिकटतं, चिवट गोळा होतं. असल्या वस्तूला ओळीत उभं करणं म्हणजे गूळ पातळ करून त्याची शिस्तीत परेड घेणं. हे मला माहीत होतं. पण मला माहीत असलेल्या गोष्टींचा माझ्या वागण्याशी फारसा संबंध कधी नव्हता.

वर मी मोहोळला जाऊन आबांना सांगून आलो. आबा म्हणजे माझे वडील, रावजी चवरे. त्यांनी क्ष-किरणांचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "म्हंजे आपल्या ज्वारीच्या पोटात काय हाय ते दिसनार?" मी व्हय म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते गावभर झालं.

प्रयोग घरीच करायला लागत होते, कारण कॉलेजात हे काम माझं नव्हतं. स्टोव्हवर पाणी ठेवून त्यात स्पिरिटाची बाटली तापत ठेवायची, तिच्यात ज्वारीचं पीठ. खोलीतनं वास गल्लीत जायचा. शेजारच्या चिमाबाईंनी चांगुणाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मास्तरांचं कदीपासनं?" चांगुणा चिडून म्हणाली, "ते पीत न्हाईत. ते ज्वारी भिजवत्यात." त्या दिवसापासून अख्ख्या गल्लीची खात्री पटली की चवरे मास्तर नुसते पीत नाहीत, गाळतातसुद्धा. घरमालक दोनदा येऊन खोलीभर वास घेऊन गेले. एक सभ्य गृहस्थ संध्याकाळी दार वाजवून बाटली मागून गेले. मी त्यांच्यावर इतका ओरडलो की उरलेल्या गल्लीलाही पत्ता कळला.

फेब्रुवारीत एका काचेच्या तबकडीत स्फटिक दिसले. लांबट, स्वच्छ, कडा धारदार, दिव्याखाली धरले की चमकायचे. सुई समोरच होती. मी सुई लावली नाही. लावायचं ठरवलं, उचलली, आणि परत ठेवली, कारण मला उत्तर नको होतं, मला स्फटिक हवा होता. मी पेढे आणले. गल्लीत वाटले, कॉलेजात वाटले आणि मोहोळच्या एस.टी.च्या कंडक्टरकडनं आबांना निरोप धाडला.

आबा एकटे आले नाहीत. सरपंच हिंदुराव, दोन चुलते आणि आणखी कोण कोण, सगळे धुतलेले पटके बांधून आमच्या पत्र्याखाली दाटीवाटीनं बसले. मी कॉलेजातनं उसना आणलेला सूक्ष्मदर्शक मधे ठेवला आणि एकेकाला बघायला लावलं. हिंदुराव बघून म्हणाले, "लई झाक दिसतंय की." आबा माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते तसं त्यांनी मला एम.एस्सी. झालो तेव्हाही बघितलं नव्हतं. ती नजर मला चढली. मला वाटलं, आता या लोकांना खरं शास्त्र दाखवावं. मी म्हणालो, "प्रथिनाचा स्फटिक कसा मऊ असतो बघा," आणि सुई टेकवली.

कुरकुरला. साखरेचा दाणा दातांखाली यावा तसा, सगळ्या खोलीत ऐकू गेला.

मी दुसऱ्याला सुई लावली. तिसऱ्याला लावली. मग मला आठवलं की प्रथिन गाळासारखं खाली बसावं म्हणून मी त्यात अमोनियम सल्फेट घातलं होतं. दहा वर्षं मी पोरांना मिठांचे स्फटिक ओळखायला शिकवत होतो, तुरटीपायी माझं नाव पडलं होतं, आणि मला समोरचं सल्फेट ओळखता आलं नाही. "काय झालं रं?" आबांनी विचारलं. खोटं बोलावं असं मनात आलं, पण सुचेना. "ही ज्वारी नाही, आबा. हे सल्फेट आहे. खत." आमच्या गोठ्यात त्याचं पोतं पडलेलं होतं. हिंदुराव आढ्याकडं बघायला लागले. चुलत्यांनी पेढा हातातच धरून ठेवला. आबा उठले, पटका सारखा केला आणि "चला, गाडी जाईल," म्हणाले.

ते गेल्यावर मी तबकडी भिंतीवर फोडली. बाटली फोडली. चांगुणानं काचा गोळा केल्या. मग केरसुणी कोपऱ्यात ठेवून तिनं शांतपणे विचारलं, "आता संधी कुनी हिसकावली?" मला तिचा इतका राग आला की मी न जेवता उठलो. राग यासाठी आला की उत्तर मला येत होतं.

महिनाभर मी कुणाशी धड बोललो नाही. प्रयोगशाळेत पोरांच्या हातातनं परीक्षानळ्या ओढून घ्यायचो. पण जून जवळ येत होता, आणि जून गेला असता तर मी मरेपर्यंत तुरटीच राहिलो असतो, तेही नियमानं. शेवटी मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जाऊन जुनी पुस्तकं काढली आणि पहिल्यांदाच, मला काय आवडतं हे विसरून, कोण ओळीत बसतं ते शोधलं. तिथं स्पष्ट छापलेलं होतं. काकडी, भोपळा, कलिंगड, या घराण्यातल्या बियांतलं प्रथिन कोमट मिठाच्या पाण्यात विरघळतं आणि पाणी हळूहळू थंड झालं की आपणहून स्फटिक होतं. कितीतरी वर्षांपूर्वी लोकांनी करून बघितलं होतं. आतली रचना मात्र अजून कुणी काढलेली नव्हती. म्हणजे मुलगी चांगली, घर चांगलं, होकार तयार, आणि मी तिच्या दारावरनं रोज सायकलीनं जात होतो.

एप्रिल लागला होता. सात रस्त्यावर कलिंगडाच्या गाड्या लागल्या होत्या. वाण्याकडं बियांचा सोललेला मगज मिळायचा, पण तो पडून पडून खवट झालेला. ताजं बी हवं होतं. मी गाडीवाल्यांशी ठरवून टाकलं आणि संध्याकाळी पिशवी घेऊन गाड्यांमागं वाकून बिया वेचायला लागलो. एकदा मान वर केली तर समोर माझ्याच वर्गातली पोरं फोडी खात उभी. "सर, ही घ्या," म्हणून एकानं आदबीनं तोंडातली बी हातावर काढून दिली. मी तीही घेतली. ताज्या बिया कमीच पडत होत्या, आणि थुंकी काय, धुऊन काढता येत होती.

पण आबांना सांगायला हवं होतं. मी गावाला गेलो आणि अंगणात उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की ज्वारी जमत नाही, कलिंगड घेतलंय. आबांनी मान खाली घातली. "मला परवा बाजारात लोकांनी इचारलं, खताचा फोटू निघाला का म्हनून," ते म्हणाले. "आता कलिंगड सांगू?" मी तापून म्हणालो, "मग नका सांगू." मला वाईट वाटत होतं आणि वाईट वाटलं की मी ओरडतो, ही माझी जुनी खोड. पाणीसुद्धा न पिता परत आलो.

पुढच्या सोमवारी आबा दारात उभे. खांद्यावर पोतं. सीना नदीच्या वाळूत ज्यांचे कलिंगडाचे वाफे होते त्यांच्याकडं हिंडून त्यांनी बी गोळा केलं होतं, धुऊन, सावलीत वाळवून. पोतं खाली ठेवत म्हणाले, "गावात सांगितलं म्या. ज्वारी नापास झाली, कलिंगड बसवलंय परीक्षेला." मी पोत्याचं तोंड सोडायला वाकलो, कारण माझे डोळे भरले होते आणि ते त्यांना दाखवायचं माझ्यात धाडस नव्हतं.

चांगुणानं आणि चिमाबाईंनी बसून बिया सोलल्या. वाटून, तेल काढून, मिठाच्या पाण्यात घातल्या. ऊन पाण्यासाठी स्टोव्ह लागलाच नाही. आमच्या पत्र्यावर दुपारी बरणी ठेवली की आपोआप हवी तेवढी तापायची. ज्या उन्हाला मी दहा वर्षं शिव्या दिल्या ते पहिल्यांदा माझ्या बाजूनं काम करत होतं. अडचण थंड करण्यात होती. गाळून, कोमट पाण्यानं पातळ करून बरणी खाली आणली की ती भराभर निवायची आणि स्फटिकाऐवजी नुसती पांढरी भुकटी पडायची. रेणूंना ओळ लावायला उसंतच मिळायची नाही. मग मी घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या चादरी काढल्या. मे महिन्यात सोलापुरात चादर कुणाला लागते? चांगुणाच्या पेटीतली लग्नातली जाड, न वापरलेलीसुद्धा काढली. बरणीला एकावर एक गुंडाळल्या, वर उशी ठेवली. घरमालक बघायला आले. बेचाळीस डिग्रीत मास्तर बरणीला पांघरूण घालतोय हे बघून ते काही न विचारता गेले, आणि त्यानंतर वासाचीही तक्रार करायला आले नाहीत.

पहाटेच्या गारव्यात चादरी सोडल्या तेव्हा बरणीच्या तळाशी साखरेहून बारीक काहीतरी चमकत होतं. सूक्ष्मदर्शकाखाली आठ पैलूंचे, टोकदार, एकसारखे. या वेळी मी कुणाला बोलावलं नाही. चांगुणा शेजारी उभी होती, ती आपणहून आली होती. मी सुई टेकवली. काहीच आवाज झाला नाही. भिजल्या पिठासारखा दबला आणि पसरला. "काय झालं?" तिनं विचारलं. "मोडला," मी म्हणालो आणि खाली बसून लहान पोरासारखा रडलो. ती बिचारी मला समजावायला लागली की दुसरा होईल, उगी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी बंगलोरला निघालो. बरणी ओल्या फडक्यात, वर चादर, मांडीवर. पण पाऊस अजून नव्हता, डबा भट्टीसारखा तापला होता. गुंतकलला गाडी बदलायची होती आणि दुसरी गाडी यायला उशीर झाला. फलाटावर मी फडकं भिजवत बसलो आणि दुपारी उघडून बघितलं तर बरणीत नुसतं स्वच्छ पाणी. एकही स्फटिक नव्हता. कोमट पाण्यात विरघळतं म्हणून तर मी ते निवडलं होतं, आणि ते निवडीला जागलं होतं. मी परत फिरायचं ठरवलं. खरंच ठरवलं. सोलापूरची गाडी समोर उभी होती. पण चांगुणाला काय सांगणार? संधी उन्हानं हिसकावली?

बंगलोरला हिरेमठांच्या टेबलावर मी ती बरणी ठेवली आणि म्हणालो, "सर, स्फटिक होते. वाटेत गेले." बोलताना मलाच ते खोटं वाटत होतं. शेजारी दुसऱ्या उमेदवाराची बाटली होती, त्यात सुरेख, टपोरे स्फटिक. हिरेमठांनी माझी बरणी हातानं चाचपली. "कोमट आहे," ते म्हणाले. त्यांनी ती चादर पुन्हा गुंडाळली, खिडकीजवळच्या गार कोपऱ्यात ठेवली आणि मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. सकाळपासून मी तिथं बसलो. बंगलोरची हवा गार होती, मला थंडी वाजत होती आणि माझी चादर बरणीला होती.

दुपार टळल्यावर त्यांनी आत बोलावलं. चादर सोडली. तळाशी आठ पैलूंचे दाणे पडले होते, घरच्यापेक्षा मोठे. हिरेमठांनी स्वतः सुई लावली, कान जवळ नेला. आवाज आला नाही. मग त्यांनी दुसऱ्या बाटलीकडं बोट केलं. "हे छान आहेत. पण पुन्हा करून दाखवा म्हटलं तर जमलं नाही. त्या एकदाच्या स्फटिकावर मी तीन वर्षं कशी लावू? तुमचे विरघळून, माझ्या खोलीत, माझ्या डोळ्यांदेखत परत आले. मला हेच पाहिजे. घरी जाऊन या, सामान आणा, पंधरा दिवसांनी रुजू व्हा."

मला आनंद झाला, आणि त्याहून कितीतरी जास्त भीती वाटली. दहा वर्षं मी ज्याच्या नावानं खडे फोडत होतो ते कारण संपलं होतं. आता मला कुणी अडवलेलं नव्हतं. आता मी नापास झालो तर नापास होणारा फक्त मी असणार होतो, त्रिंबक रावजी चवरे, सोलापूर नव्हे. मी स्वतःला चांगला ओळखत होतो. घरी गेलो असतो तर पेढे वाटले असते, चार जणांशी भांडलो असतो आणि पंधराव्या दिवशी मला ताप आला असता.

"सर," मी म्हणालो, "सामान बायको पाठवेल. मी आजपासून बसलो तर चालेल का?"

हिरेमठांनी खुंटीवरचा एक मळका एप्रन काढून माझ्याकडं टाकला आणि बरणी धुवायचं बेसिन कुठं आहे ते दाखवलं.